आफ्रिकेची पाचवी कन्या

आम्ही ब्राउनश्वाइगला आलो ते ह्यांच्या डॉक्टरेटसाठी. हे सकाळी सायकलवरून युनिव्हर्सिटीत जायचे आणि दिवसभर कसल्या तरी मिठांचे स्फटिक वाढवत बसायचे. संध्याकाळी घरी आले की ते स्फटिक आज किती वाढले, हे मला मोठ्या कौतुकानं सांगायचे. शेजारणीनं आपल्या बाळाबद्दल सांगावं, तसं. मी ऐकायची. एक हिवाळा मी असा स्फटिकांचं बाळसं ऐकत काढला.

साठीचं दशक नुकतंच लागलं होतं. गावात मराठी माणसं मोजून पाच-सहा, आणि सगळी पीएच.डी.च्या मागे लागलेली. बायको घेऊन आलेले हे एकटेच. त्यामुळे रविवारी सगळ्यांची जेवणं आमच्याकडे आणि आठवड्याचे बाकीचे दिवस मी आणि आमच्या घरमालकीणबाई, असा संसार चालला होता. घरमालकीणबाईंमुळे माझं जर्मन मात्र सुधारलं. पुण्यात दोन वर्षं वर्गाला जाऊन मी व्याकरण शिकले होते. जिन्यावर चिखलाचे पाय उमटवणाऱ्या भाडेकरूला काय काय म्हणतात, ते बाईंनी शिकवलं.

एके दिवशी हे घरी आले ते सायकलला कुलूप न लावताच जिना चढून.

"अगं, तुला नोकरी लागली!"

"मी अर्ज कुठं केला होता?"

"मी केला. तोंडी. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात फोन आला होता, इथल्या फोटोग्राफीच्या शाळेला इंग्रजी-जर्मन दुभाषी हवाय. आफ्रिकेतून मुली येणारेत, फोटोग्राफी आणि वर्तमानपत्राचं काम शिकायला. मी सांगितलं, आमच्या मिसेस इंग्रजी घेऊन बी.ए. आहेत आणि जर्मन तर फाडफाड बोलतात."

"अहो, मी फक्त जिन्याबद्दल फाडफाड बोलते."

"तेवढं पुरतं," हे म्हणाले आणि सायकलला कुलूप लावायला खाली गेले.

शाळा म्हणजे एका जुन्या स्टुडिओच्या वरचे दोन मजले होते. तिथल्या मुख्य बाई छायाचित्रकारीतल्या 'मायस्टर' होत्या. म्हणजे परीक्षा देऊन, हाताखाली उमेदवार शिकवण्याचा हक्क मिळवलेल्या. सगळे त्यांना फ्राऊ मायस्टर म्हणायचे. साठीच्या आसपासच्या, पांढरा एप्रन, बोटांची टोकं रसायनांनी तपकिरी झालेली. लढाईच्या काळात आणि नंतरही त्यांनी एकटीनं स्टुडिओ चालवला होता, आणि गावातली निम्मी लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली होती, असं म्हणत. त्यांनी माझी मुलाखत उभ्या उभ्याच घेतली.

"आल्झो," त्या म्हणाल्या. प्रत्येक वाक्य त्या 'आल्झो'नं सुरू करायच्या, आपण 'तर मग' म्हणतो तसं. "दुभाष्याला बोलता यायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तुम्हाला गप्प बसता येतं का?"

मी गप्प बसले. त्यांनी मान डोलावली आणि मला एप्रन दिला. साडीवर एप्रन बांधला की माणूस लग्नाच्या पंगतीतल्या वाढप्यासारखा दिसतो, हे मला त्या दिवशी आरशात कळलं.

मुली चार होत्या. दोघी नायजेरियातल्या, कायम बरोबर असणाऱ्या आणि कायम खुसखुसणाऱ्या. एक घानाची, उंच, शांत, हसण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. तिथल्या एका वर्तमानपत्रात ती आधीच वर्षभर बातम्या लिहीत होती. आणि चौथी टांगानिकाची, म्हणजे आताच्या टांझानियाची, जी दिवसभरात घानावालीच्या वाट्याचंही बोलून घ्यायची. त्यांचे देश नुकतेच स्वतंत्र झाले होते. तिथे नवी वर्तमानपत्रं निघत होती, त्यांत बायकांसाठी पान असणार होतं, आणि त्या पानासाठी माणसं हवी होती, म्हणून जर्मनीतल्या एका संस्थेनं त्यांना शिष्यवृत्ती दिली होती.

पहिल्या दिवशी टांगानिकावालीनं माझ्याकडे, माझ्या साडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं दुकान कुठंय?" तिनं विचारलं.

"कसलं दुकान?"

"तुम्ही इंडियन ना? आमच्याकडे प्रत्येक इंडियनचं दुकान असतं. दुकानाला आम्ही 'दुका'च म्हणतो. गाडीला 'गारी', रंगाला 'रांगी', आणि चपातीला चपाती. चपाती करता ना, दादा?"

मी दचकले. इंग्रजीत चाललेल्या बोलण्यात मला एकदम कुणी दादा म्हटलं होतं. तिच्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण, हे तिनं समजावून सांगितलं. भावाला काय म्हणता, असं मी विचारलं. "काका," ती म्हणाली. आणि आईला मामा.

घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं तेव्हा हे पोट धरून हसले. पुढच्या रविवारी मुली आमच्याकडे जेवायला आल्या आणि टांगानिकावालीनं दारातच ह्यांना "हॅलो, काका!" म्हटलं, तेव्हा मात्र ह्यांचं हसू मावळलं. वय वर्षं तीस, आणि डोक्यावरचे केस जरा विरळ व्हायला लागलेले.

"अहो, ती भाऊ म्हणतेय तुम्हाला," मी म्हटलं.

"ते मला कळतंय गं," हे म्हणाले, "पण ऐकू काका येतं त्याचं काय?"

चपात्या मी बाटलीनं लाटल्या होत्या. टांगानिकावालीनं एक हातात घेऊन उजेडासमोर धरली, निगेटिव्ह बघतात तशी. "आमच्याकडच्या गोल असतात," ती म्हणाली, आणि पाच खाल्ल्या.

वर्गातलं माझं काम सोपं असेल, असं मला वाटलं होतं. जर्मन वाक्यात क्रियापद बरेचदा शेवटी येतं, आपल्या मराठीतही येतं. पण मला ते इंग्रजीत करायचं होतं, आणि इंग्रजीला क्रियापद लगेच लागतं. फ्राऊ मायस्टर सुरू करायच्या, "आल्झो, फिल्म, जी तुम्ही काल संध्याकाळी ओल्या हातांनी, माझ्या सूचनेकडे दुर्लक्ष करून, खिडकीजवळच्या दोरीवर..." आणि मी तोंड उघडं ठेवून थांबलेली. फिल्म धुतली, की वाळत घातली, की हरवली? चौघी माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. शेवटी क्रियापद यायचं, मी सुटकेचा निःश्वास टाकून इंग्रजी वाक्य एका दमात म्हणून टाकायची, आणि नायजेरियाच्या दोघी हळूच टाळ्या वाजवायच्या. फ्राऊ मायस्टरांना वाटायचं, टाळ्या आपल्या विषयाला आहेत.

डिसेंबरात पहिला बर्फ पडला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावच्या वर्तमानपत्राचा फोटोग्राफर दारात हजर. गोलमटोल माणूस, हॅट, खांद्याला कातडी पिशवी, खिशात फ्लॅशचे बल्ब खुळखुळताहेत. त्याला मुली बर्फात हव्या होत्या. आणि कोट न घालता, त्यांच्या देशी कपड्यांत.

"थंडीनं मरतील त्या," मी म्हटलं.

"एकच मिनिट," तो म्हणाला. सगळे फोटोग्राफर एकच मिनिट म्हणतात.

मुली तयार झाल्या, कारण फोटो कसा काढतात ते बघायचं होतं. मी भाषांतराला शेजारी उभी राहिले. त्यानं प्रत्येकीच्या हातात बर्फाचा गोळा दिला आणि म्हणाला, "आता आश्चर्य! तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघताय!"

मी भाषांतर केलं. टांगानिकावाली म्हणाली, "ह्यांना सांगा, माझ्या शाळेच्या खिडकीतून किलिमांजारो दिसायचा. बारा महिने डोक्यावर बर्फ. गणिताच्या तासाला मी तोच बघत असायची."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. फोटोग्राफरनं शांतपणे ऐकून घेतलं. "छान," तो म्हणाला. "तरीही आश्चर्य दाखवा. बिट्टे फ्रॉइंटलिश!" म्हणजे, हसरे चेहरे, प्लीज. प्रत्येक फोटोआधी तो हे म्हणायचा.

घानावाली सोडून सगळ्या हसल्या. तिनं फक्त त्याचा कॅमेरा, त्याचे पाय आणि तो कुठे उभा राहतो, ते पाहिलं.

शनिवारी फोटो छापून आला. खाली ओळ होती : 'आफ्रिकेच्या पाच कन्यांना पहिल्या बर्फाचा आनंद.' मी मोजलं. चौघी होत्या त्या, आणि पाचवी, बर्फाकडे खरोखरच आश्चर्यानं बघणारी, मी. माझा तिथला तो दुसरा हिवाळा, बर्फ मला नवा नव्हता, पण चपलेतून मोजा भिजल्यामुळे चेहरा तसा झाला होता.

घरमालकीणबाईंनी माझं अभिनंदन केलं. ह्यांनी कात्रण प्रयोगशाळेत भिंतीला लावलं. रविवारी जेवायला आलेल्या मंडळींनी मला आफ्रिकन पद्धतीचं पिठलं वाढायला सांगितलं. मुलींनी तर हद्दच केली. त्यांनी आपसात ठराव करून मला रीतसर खंडात दाखल करून घेतलं. फक्त देश कुठला द्यायचा, यावर एकमत होईना. नायजेरियाच्या दोघी म्हणाल्या, आमच्याकडे जागा भरपूर आहे.

जानेवारीत माणसांचे फोटो काढायला सुरुवात झाली. फ्राऊ मायस्टरांकडे त्याचा पक्का नियम होता. मोठा दिवा इथं, छोटा दिवा तिथं, कॅमेऱ्यावर हा आकडा. या नियमानं त्यांनी तीस वर्षं नवऱ्या मुली गोऱ्यापान काढल्या होत्या. मुलींनी त्याच नियमानं एकमेकींचे फोटो काढले, आणि डार्करूमच्या लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागदावर हळूहळू चेहरे उमटायला लागले. उमटायला लागले, ते काळेच होत गेले. कॉलर दिसत होती, दात दिसत होते, बाकी सगळा अंधार. मला त्यात काही नवल वाटलं नाही. त्याच गावातल्या स्टुडिओत काढलेल्या माझ्या पासपोर्ट फोटोत मी शेगडीतून नुकतीच बाहेर आल्यासारखी दिसत होते.

फ्राऊ मायस्टरांनी निगेटिव्ह दिव्यासमोर धरली आणि म्हणाल्या, "उंटरएंटविकेल्ट."

म्हणजे, नीट डेव्हलप न झालेली. पण जर्मनमध्ये 'मागासलेला' देश म्हणायलाही हाच शब्द. आम्ही सगळ्या त्या शब्दाला चांगल्याच ओळखत होतो. मुलींच्या सत्कारसमारंभात प्रत्येक भाषणात तो किमान एकदा यायचा. मी भाषांतर करायला तोंड उघडलं, पण घानावालीनं मला थांबवलं.

"हा मला कळला," ती गंभीरपणे म्हणाली. "मला वाटलं होतं, ते फक्त आम्हालाच म्हणतात. आमच्या निगेटिव्हलाही म्हणतात, हे माहीत नव्हतं."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. सांगू की नको, असा एक क्षण विचार केला, पण दुभाष्यानं गाळायचं नसतं. नळाचं पाणी वाहत होतं. फ्राऊ मायस्टरांनी चष्मा काढला, एप्रननं पुसला आणि पुन्हा निगेटिव्ह पाहिली. बराच वेळ पाहिली.

"डेव्हलपिंग ठीक आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "चूक उजेडाची आहे. म्हणजे नियमाची. म्हणजे माझी. आल्झो, पुन्हा पहिल्यापासून."

मग आम्ही चार दिवस तेच केलं. घानावाली खुर्चीवर बसायची, टांगानिकावाली दिवे सरकवायची, नायजेरियाच्या दोघी दोन्ही बाजूंनी पांढरी चादर ताणून धरायच्या, म्हणजे उजेड तिच्यावरून परतून चेहऱ्यावर पडेल. फ्राऊ मायस्टर स्वतः स्टुलावर चढून पडदा ओढायच्या आणि प्रत्येक प्रिंटला "अजून" म्हणायच्या. घानावाली बसून बसून कंटाळली तेव्हा मला खुर्चीवर बसवलं. चौथ्या दिवशी ट्रेमध्ये घानावालीचा चेहरा आला : गालाची हाडं, कपाळावरची चमक, डोळ्यांतला कंटाळासुद्धा. फ्राऊ मायस्टर म्हणाल्या, "गेनाऊ." बरोब्बर. त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माझाही एक प्रिंट चांगला आला. तो मी सासूबाईंना पाठवला आणि त्यांनी कळवलं की जर्मनीची हवा मानवलेली दिसते.

फेब्रुवारीअखेर प्रत्येकीला एक चित्रकथा करायची होती : गावातला कुठलाही विषय, दहा-बारा फोटो. त्यांचं नंतर प्रदर्शन होणार होतं, आणि गावच्या वर्तमानपत्रात त्यातले एक-दोन छापले जाणार होते. फ्राऊ मायस्टरांनी विषय सुचवले. बालवाडी, बेकरी, शिवणकाम. बायकांच्या पानाला शोभणारे. नायजेरियाच्या दोघींनी मिळून बेकरी घेतली, कारण तिथे उबदार होतं. टांगानिकावालीनं खिडक्या पुसणाऱ्या गृहिणी घेतल्या आणि आमच्या घरमालकीणबाईंना सरळ शिडीवर चढवलं.

घानावालीला मी विचारलं, "तू काय करणार?"

"तो बर्फवाला," ती म्हणाली. "त्या फोटोग्राफरबरोबर आठवडाभर फिरायचंय मला. वर्तमानपत्राचा फोटोग्राफर दिवसभर काय करतो, ते बघायचंय."

फोटोग्राफर खूष झाला. परदेशातून कुणीतरी आपल्याकडे शिकायला आलंय, हे त्यानं ऑफिसात चार ठिकाणी सांगितलं. त्याची छोटीशी गोल पाठीची मोटार होती. पुढे तो, शेजारी मी, मागे घानावाली गुडघे हनुवटीला टेकवून. माझा पदर रोज दारात अडकायचा आणि रोज तो उतरून, हॅट काढून, दार उघडून तो सोडवून द्यायचा.

पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्ही आफ्रिकेत कुठल्या?"

"पुण्याच्या," मी म्हटलं.

"हां," तो म्हणाला. "गरम असतं का तिथे?"

"मार्चनंतर बरंच."

मागच्या सीटवर घानावालीला खोकला लागला. तो बराच वेळ थांबेना.

त्या आठवड्यात मी जर्मनी जितकी पाहिली, तितकी आधीच्या दीड वर्षात पाहिली नव्हती. लग्नाला पन्नास वर्षं झालेलं जोडपं, ज्यातल्या आजोबांना ऐकू येत नव्हतं आणि आजींना ते सोयीचं वाटत होतं. अग्निशामक दलाचा नवा बंब. एका शेतकऱ्याच्या मळ्यातला अवाढव्य बीट. आणि सशांचं प्रदर्शन. खाणावळीच्या हॉलमध्ये रांगेनं पिंजरे, पिंजऱ्यांपुढे रविवारचा सूट घातलेले गंभीर पुरुष, आणि पहिलं बक्षीस मिळालेला एक करडा ससा टेबलाखाली जाऊन बसलेला. मालक गाजर घेऊन विनवतोय. आमचा फोटोग्राफर हॉलच्या जमिनीवर पोटावर आडवा झाला, कोट, टाय, हॅटसकट. कॅमेरा सशाच्या डोळ्यांच्या रेषेत आणला आणि अत्यंत मार्दवानं म्हणाला, "बिट्टे फ्रॉइंटलिश!"

घानावाली खुर्चीवर उभी होती. तिचा कॅमेरा एकदाच वाजला.

मोटारीत त्यानं विचारलं, "तुमच्याकडे तुम्ही कशाचे फोटो काढता?"

"माझं वर्तमानपत्र मला काढू देत नाही अजून," ती म्हणाली. "जो काढतो, तो मंत्र्यांचे काढतो. विमानातून उतरताना. मग विमानात चढताना."

"हसरे असतात?"

"चढताना जास्त."

तो मोठ्यानं हसला. मग गाडी सिग्नलला थांबल्यावर म्हणाला, "ससे बरे."

सगळे प्रिंट तयार झाले आणि फ्राऊ मायस्टरांनी घानावालीची चित्रकथा पाहायला घेतली. आजी-आजोबा नव्हते, बंब नव्हता, बीट नव्हता. म्हणजे होते, पण कडेला. प्रत्येक फोटोत मधोमध तो होता. पाठमोरा, वाकलेला, शिडीवर, बिटाच्या मागे फक्त हॅट दिसणारा. आणि शेवटी, सशासमोर पालथा पडलेला. फ्राऊ मायस्टर प्रिंट घेऊन डार्करूममध्ये गेल्या आणि दार लावलं. आम्ही बाहेर उभ्या. आतून कसला तरी आवाज यायला लागला. नायजेरियाची एक म्हणाली, "रडतायत की काय?" टांगानिकावालीनं दाराला कान लावला आणि आमच्याकडे वळून डोळे मोठे केले.

"मामा हसतेय," ती म्हणाली.

बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा नेहमीसारखा होता, डोळे तेवढे ओले. "हे लावता येणार नाही," त्या म्हणाल्या. "तो आपला पाहुणा आहे. आपल्या प्रदर्शनाचे फोटो तोच काढणार आहे. त्याला वाटेल, आपण चेष्टा केली."

"त्यानं मला बर्फ बघून चकित व्हायला लावलं," घानावाली म्हणाली. "मी त्याला काहीही करायला लावलेलं नाही. तो जसा आहे, तसा काढलाय."

मी हे दोन्हीकडून भाषांतर करत होते आणि मनातून कुणाच्या बाजूनं व्हावं, ते ठरत नव्हतं. दोघीही आवाज चढवत नव्हत्या, त्यामुळे भांडण जास्तच जड होत होतं. शेवटी फ्राऊ मायस्टर म्हणाल्या, "आल्झो. आधी त्याला दाखवा. तो हो म्हणाला, तर लावू."

घानावालीनं क्षणभर विचार केला आणि प्रिंटचं पाकीट उचललं. "चला, दादा," ती मला म्हणाली. टांगानिकावालीचं स्वाहिली एव्हाना सगळ्यांना लागलं होतं.

तो घरी नव्हता. त्याच्या बायकोनं दार उघडलं, आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी केली. कामाचं पाकीट आहे म्हटल्यावर तिनं हात पुसले आणि विचारलं, "मी बघू?" घानावालीनं होकारार्थी मान हलवली.

बाईंनी एकेक प्रिंट टेबलावर मांडला. बिटाशी आल्यावर हसायला लागल्या. सशाशी आल्यावर त्यांना हसू आवरेना, एप्रन तोंडाला लावला. मग हळूहळू शांत झाल्या आणि तो सशाचा फोटो परत हातात घेऊन बसल्या.

"आमच्याकडे ह्यांचा फोटो नाही," त्या म्हणाल्या. "लग्नातला एक आहे, तेवढाच. मुलीच्या लग्नाचे दोनशे आहेत. त्यात सगळे आहेत, हे नाहीत. हे काढत होते ना."

मी ते घानावालीला सांगितलं. कॉफीचा कप तिनं बशीत अगदी अलगद ठेवला.

एवढ्यात तो आला. हॅट काढली, आम्हाला बघून खूष झाला, मग टेबलाकडे पाहिलं. बायको त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, मी घानावालीच्या. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक प्रिंट डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता दार दाखवणार.

"हा वाकडा आलाय," तो म्हणाला. बंबाचा फोटो होता. "मागची भिंत बघा. आणि ह्या दुसऱ्यात तुम्ही एक पाऊल डावीकडे असतात, तर आजोबाही आले असते." पुढचा. "हा चांगला." पुढचा. मग सशाचा. तो मात्र त्यानं फार वेळ पाहिला. "एकच काढलात?"

"एकच," ती म्हणाली.

"मी सशाचे बारा काढले. एकही असा नाही." त्यानं प्रिंट खाली ठेवला आणि हात पुढे केला. "फ्राऊ कोलेगिन," तो म्हणाला.

भाषांतर करायचं माझ्याकडून राहूनच गेलं. पण कोलेगिन म्हणजे बरोबरीनं काम करणारी, हे तिला भाषांतराशिवाय कळलं असावं. तिनं उठून हात मिळवला, आणि काटकसर सोडून चक्क हसली.

प्रदर्शन छान झालं. वर्तमानपत्रात सशाचा फोटो छापून आला, खाली तिचं नाव, आणि ओळ त्यानंच लिहिली होती. घरमालकीणबाई आपला शिडीवरचा फोटो बघायला तीनदा गेल्या आणि तिन्ही वेळा म्हणाल्या की खिडकीवर एक डाग राहिलेला दिसतोय, तो वास्तविक नव्हताच. उन्हाळ्यात मुली परतल्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या आल्या, त्यांनाही मीच होते. तोवर फ्राऊ मायस्टर इंग्रजी शिकायला लागल्या होत्या. माझ्याकडून. त्या क्रियापद शेवटीच ठेवायच्या आणि मी ते पुढे आणायची. शेवटपर्यंत कुणीच हरलं नाही.

ह्यांची डॉक्टरेट झाली, हॅनोव्हरला नोकरी लागली, आम्ही तिकडे गेलो, तिथेच लेक झाली. टांगानिकावाली रेडिओवर गेल्याचं कळलं, आणि ते ऐकून कुणालाच नवल वाटलं नाही. घानावालीची काही खबर नव्हती.

मग एका वर्षी हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत मी लेकीला घेऊन गेले होते. हे आत यंत्रं बघत होते आणि आम्ही दोघी बाहेर सॉसेजच्या गाडीपाशी उभ्या होतो. कुणीतरी पाहुणे मंत्री येणार म्हणून गर्दी झाली होती. पुढे फोटोग्राफरांची भिंत, सगळे पुरुष, सगळे कोपरांनी जागा करणारे. त्यांत एक उंच बाई. गळ्यात दोन कॅमेरे.

मी हाक मारली. तिनं वळून पाहिलं, ओळखलं, आणि पाच मिनिटं, खरंच पाचच मिनिटं, आम्ही दोघी एकदम बोललो. तिला आता तिच्या वर्तमानपत्रानं कॅमेरा दिला होता आणि आपल्या मंत्र्यांच्या मागे इथे पाठवलं होतं. बायकांचं पान दुसरं कुणीतरी करत होतं. लेकीच्या गालाला हात लावून तिनं विचारलं, "ही काय बोलते?"

"मराठी कळतं. उत्तर जर्मनमध्ये देते."

"म्हणजे दुभाषी," ती म्हणाली.

तेवढ्यात मोटारी आल्या. ती "थांबा" म्हणून गर्दीत शिरली. पहिल्या रांगेतल्या एका धिप्पाड माणसाच्या खांद्यावर बोटानं टकटक केलं, त्याला स्वच्छ जर्मनमध्ये हॅट काढायला सांगितलं, आणि तो हॅट काढत असताना त्याच्या पुढे जाऊन उभी राहिली.

"आई, ती कोण?" लेकीनं जर्मनमध्ये विचारलं.

"माझी मैत्रीण आहे," मी मराठीत सांगितलं, आणि तिला नीट दिसावं म्हणून कडेवर घेतलं.